आडनाव वराडकर, देश आयर्लंड

2 जून 2017, शुक्रवारची संध्याकाळ. डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये फिने गेल या सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदाचा निकाल लागला आणि 38 वर्षांचे डॉ. लिओ वराडकर आयर्लंडचे भावी पंतप्रधान ठरले. विजयाच्या भाषणात त्यांनी वडिलांची आठवण काढली. पाच हजार मैलांवरून आयर्लंडमध्ये नवं घर मांडायला आलेल्या आपल्या वडिलांना, मुलगा एक दिवस या देशाचा नेता होईल असं स्वप्नातही वाटलं नसेल, असं ते म्हणाले. त्याच भाषणात आणखी एक वाक्य होतं आणि ते जगभर छापून आलं: माझ्या निवडीतून काही दिसत असेल तर हेच, की या प्रजासत्ताकात पूर्वग्रहाला थारा नाही.

या प्रकरणाकडे मी त्या एका वाक्याच्या अंगाने पाहतो आहे. त्या दिवशी ते ऐकताना मलाही भरून आलं होतं. पण निवडणुकीचे आकडे, आधीची आणि नंतरची वर्षं शेजारी ठेवली की ते वाक्य जेवढं पेलू शकतं त्याहून किती तरी जास्त ओझं त्याच्यावर टाकलं गेलं, असं माझं मत झालं आहे. एका माणसाला स्वीकारलं याचा अर्थ त्याच्यासारख्या सगळ्यांना स्वीकारलं असा होत नाही. मग वराडकरांना नेमकं कशाच्या बळावर स्वीकारलं गेलं?

घर आणि आडनाव

अशोक वराडकर मुंबईत जन्मलेले, मूळ घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. 1960च्या दशकात ते डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले. तिथली सरकारी आरोग्यसेवा त्या काळात भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांवर मोठ्या प्रमाणावर चालत होती. लंडनजवळच्या स्लाव गावात त्यांची मिरियम या आयरिश परिचारिकेशी ओळख झाली. त्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्वनच्या. लग्नानंतर काही काळ लेस्टर, मग थोडे दिवस भारत, आणि 1973मध्ये कुटुंब डब्लिनला स्थिरावलं. दोन मुलींच्या पाठीवर 18 जानेवारी 1979 रोजी लिओंचा जन्म झाला. वडील हिंदू, आई कॅथलिक, आणि मुलगा कॅथलिक संस्कारांत वाढला. ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात काही काळ इंटर्नशिपही केली. मराठी मात्र त्यांच्या जिभेवर कधी आली नाही.

आता आडनाव. आपल्याला 'वराडकर' हा शब्द ऐकताक्षणी कळतो: वराड गावचा तो वराडकर, जसा मालवणचा मालवणकर. त्या 'कर'मध्ये नदी, देऊळ, पाणंद, गावकऱ्यांचा मान सगळं येतं. आयरिश आडनावांची घडण वेगळी. त्यांच्या 'ओ' आणि 'मॅक' यांनी माणूस कुणाच्या वंशातला ते कळतं, गावाचं नाव त्यात नसतं. त्यामुळे डब्लिनकरांना वराडकर हे नुसतंच परकं नाव होतं, त्यात कोकण ऐकू येण्याची शक्यताच नव्हती. आणि आपल्याला त्यात कोकणाखेरीज दुसरं काही ऐकू आलं नाही. पुढचं बरंचसं या एका फरकातून समजतं.

परक्या आडनावाचा पुढारी आयर्लंडला नवा होता का? नव्हता. स्वतंत्र आयर्लंडच्या राजकारणावर ज्यांची सर्वांत मोठी छाप आहे ते एमन डी व्हॅलेरा 1882मध्ये न्यूयॉर्कला जन्मले. वडिलांचं नाव स्पॅनिश, आई लिमरिक परगण्यातली. लहानपणीच त्यांना आजोळी पाठवलं गेलं. विरोधक त्यांच्या नावावरून आणि जन्मावरून त्यांना डिवचत राहिले, तरी ते पंतप्रधान झाले आणि राष्ट्राध्यक्षही. आणखी अलीकडचं उदाहरण मूसाजी भामजी यांचं: दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भारतीय वंशाचे मानसोपचारतज्ज्ञ, 1992मध्ये क्लेअर परगण्यातून संसदेवर निवडून आलेले, आयर्लंडचे पहिले मुस्लिम खासदार. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. पण या सगळ्यांत एक धागा सारखा आहे. डी व्हॅलेरांना आईचं घर होतं. भामजी डॉक्टर म्हणून लोकांच्या ओळखीचे होते. वराडकरांकडे दोन्ही होतं: डंगार्वनची आई, आणि ब्लँचर्ड्सटाउन उपनगरात दवाखाना चालवणारे वडील. त्या भागातल्या किती तरी घरांनी 'वराडकर' हे नाव प्रथम ऐकलं ते तापाचं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरचं म्हणून.

कौल कुणाचा होता

इथे जरा थांबावं लागेल, कारण गैरसमज इथूनच सुरू होतो. बाहेरच्या जगात बातमी गेली ती 'आयर्लंडने भारतीय वंशाच्या, समलिंगी तरुणाला निवडलं' अशी. आयर्लंडच्या मतदारांनी त्या जूनमध्ये मतदानच केलं नव्हतं.

तेव्हाचे पंतप्रधान आणि पक्षनेते एंडा केनी पायउतार झाल्यावर पक्षांतर्गत निवडणूक झाली ती वराडकर आणि सायमन कोव्हनी यांच्यात. मतांचं वजन ठरलेलं होतं: खासदार, सिनेटर आणि युरोपीय संसद सदस्य मिळून 65 टक्के, सामान्य पक्षसदस्य 25 टक्के, नगरसेवक 10 टक्के. 73 लोकप्रतिनिधींपैकी 51 वराडकरांकडे गेले. नगरसेवकांतही त्यांना निसटती आघाडी मिळाली. सामान्य सदस्यांनी मात्र सुमारे 65 विरुद्ध 35 टक्के असा कौल कोव्हनींना दिला. सगळ्याची वजाबाकी-बेरीज होऊन वराडकर 60 टक्क्यांनी जिंकले. पुढे 14 जूनला डॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, 57 विरुद्ध 50 मतांनी त्यांची 'तीशक' म्हणून निवड झाली. आयर्लंडमध्ये पंतप्रधानाला हाच शब्द आहे. 47 सदस्य तटस्थ राहिले, कारण अल्पमतातलं सरकार विरोधी फियाना फॉलच्या तटस्थतेवरच टिकून होतं.

सदस्यांनी कोव्हनींना पसंती दिली म्हणून त्यांच्यावर वंशद्वेषाचा शिक्का मारणं अन्यायाचं होईल, आणि तसा आरोप मी करत नाही. कोव्हनी कॉर्कच्या जुन्या राजकीय घराण्यातले, त्यांनी गावोगावी फिरून प्रचार केला, त्यांचा सूर अधिक समजूतदार आणि समाजाभिमुख होता. वराडकरांनी स्पर्धा सुरू झाल्याबरोबर पहिल्या दोनेक दिवसांत मंत्री आणि खासदारांचा पाठिंबा जाहीर करवून खेळ जवळपास संपवला होता. ही सरळ राजकीय कुशलता होती. पण मग पूर्वग्रहाला थारा नाही याचा पुरावाही या मतदानातून काढता येत नाही. ज्या गटाने त्यांना नेता केलं तो रोज त्यांच्यासोबत बसणाऱ्या 73 सहकाऱ्यांचा गट होता. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा रंग आपल्याला दिसेनासा होतो, हे खरं आहे आणि चांगलंही आहे. अनोळखी माणसाच्या बाबतीत तसं घडतं का, हा प्रश्न वेगळाच राहतो.

घरात एक चित्र, बाहेर दुसरं

परदेशी मथळ्यांत दोन विशेषणं हटकून होती: भारतीय स्थलांतरिताचा मुलगा आणि समलिंगी. आयर्लंडमधल्या चर्चेत त्यातलं पहिलं फार वर आलं नाही, आणि दुसरं तर दोन वर्षांपूर्वीच सगळ्यांना माहीत झालं होतं. 18 जानेवारी 2015ला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असलेल्या वराडकरांनी आयरिश रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्याच वेळी ते म्हणाले होते की आपण 'अर्धे भारतीय राजकारणी', 'डॉक्टर राजकारणी' किंवा 'समलिंगी राजकारणी' नाही. हे सगळं आपल्यात आहे, पण त्यावरून आपली व्याख्या होत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आयरिश जनतेने 62 टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

घरची टीका वेगळ्याच मुद्द्यावर होती. एप्रिल 2017मध्ये समाजकल्याण मंत्री या नात्याने त्यांनी सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध मोठी जाहिरात मोहीम चालवली होती. नेतेपदाच्या प्रचारात त्यांनी 'सकाळी लवकर उठणाऱ्या लोकांचा' पक्ष उभा करण्याची भाषा केली. भाड्याच्या घरात कसाबसा महिना काढणाऱ्यांना, आजारी आणि बेरोजगार लोकांना ते शब्द झोंबले. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या अनेकांना हा नेता आपला वाटला नाही, तो याच कारणाने. मला हा या प्रकरणातला सर्वांत आश्वासक भाग वाटतो. सावळ्या रंगाच्या नेत्याला लोक त्याच्या धोरणावरून फटकारतात, घरभाड्यावरून जाब विचारतात, तेव्हा तो खरोखर त्या देशाचा नेता झालेला असतो. फेब्रुवारी 2020च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा पक्ष 20.9 टक्के मतांवर, शिन फेन आणि फियाना फॉलच्या मागे, तिसऱ्या स्थानी गेला. त्यामागे घरांची टंचाई आणि रुग्णालयांतल्या रांगा होत्या.

पण देशाची सीमा ओलांडली, ब्रेक्झिटवरून वातावरण तापलं, आणि कातडीचा रंग लगेच पुढे आला. उत्तर आयर्लंडमधले ज्येष्ठ युनियनिस्ट, म्हणजे तो प्रांत ब्रिटनमध्येच राहावा असं मानणारे, लॉर्ड किलक्लूनी यांनी नोव्हेंबर 2017मध्ये ट्विटरवर वराडकरांचा उल्लेख नाव न घेता 'तो इंडियन' असा केला. टीका झाल्यावर त्यांनी तो शब्द मागे घेतला. वराडकर स्वतःला शंभर टक्के आयरिश मानतात हे आपल्याला मान्य आहे, असं सांगून त्यांनी पुढे जोडलं की त्या क्षणी आपल्याला त्यांच्या नावाचं स्पेलिंग आठवेना. पुढच्याच वर्षी त्यांनी वराडकरांविषयी 'टिपिकल इंडियन' असे शब्द वापरले. 2020मध्ये कमला हॅरिस यांच्याबद्दल लिहितानाही त्यांनी तोच 'द इंडियन' हा उल्लेख केला.

स्पेलिंग आठवत नाही. हे स्पष्टीकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. विदेशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला ते ओळखीचं वाटेल. शाळेच्या हजेरीत, दवाखान्याच्या खिडकीपाशी, मुलाखतीच्या खोलीत नाव अडखळतं आणि मग त्या जागी देशाचं नाव येतं. इथे तर तो माणूस शेजारच्या देशाचा पंतप्रधान होता. ब्रेक्झिटवरचा मतभेद कितीही तीव्र असो, तो आयर्लंडच्या हिताबद्दलचा होता. त्यात वराड गाव कुठून आलं? भांडण हरू लागलं की माणसाला त्याच्या मुळावरून गप्प करण्याचा हा प्रकार आहे, आणि तो पदाला जुमानत नाही.

वराडकरांच्या स्वतःच्या बोलण्यातही या काळात बदल झाला असं मला वाटतं. 2015मध्ये 'त्यावरून माझी व्याख्या होत नाही' म्हणणारे वराडकर मार्च 2019मध्ये, सेंट पॅट्रिक दिनानिमित्त वॉशिंग्टनला अमेरिकेचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यासमोर बोलले. आपण अशा देशात वाढलो जिथे स्वतःसारखं जगणं म्हणजे कायदा मोडणं ठरलं असतं, आणि आज आपण त्याच देशाचे नेते म्हणून उभे आहोत, लोक आपल्याला राजकीय कृतीवरून जोखतात, लैंगिक कलावरून, कातडीच्या रंगावरून किंवा धर्मावरून नाही, असं ते म्हणाले. रंगाचा उल्लेख त्यांनी स्वतः केला, तोही आवाज न चढवता.

वराड आणि मनीगॉल

आपल्याकडे त्या जूनमध्ये कौतुकाला भरतं आलं होतं. 'मराठी माणूस आयर्लंडचा पंतप्रधान', 'मालवणचा सुपुत्र' अशा शब्दांत बातम्या झाल्या. मालवणीत मुलाला झील म्हणतात. वराडने डब्लिनच्या या झिलाला एका दिवसात आपलंसं केलं. या प्रेमाला नावं ठेवावीत असं मला अजिबात वाटत नाही. पण त्या कौतुकात काय गाळलं गेलं तेही पाहायला हवं. त्यांचं समलिंगी असणं अनेक ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात गेलं, काही ठिकाणी आलंच नाही. जून 2017मध्ये भारतात कलम 377 पूर्ण जोमात होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं ते 6 सप्टेंबर 2018ला. म्हणजे ज्या माणसाच्या आडनावाचा आपण अभिमान मिरवत होतो त्याचं घरगुती आयुष्य त्याच्या वडिलांच्या देशात तेव्हा गुन्हा ठरलं असतं. तिकडे काहींना त्यांच्यातला फक्त 'इंडियन' दिसला, आणि इथे आपल्याला फक्त 'कर'. हेतूंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणूस अर्धाच पाहण्याची सवय मात्र दोन्हीकडे आहे.

आयरिश लोकांनाही ही माया नवी नाही. बराक ओबामांच्या आईकडचे एक पूर्वज, चांभाराच्या घरातले फालमथ कर्नी, 1850मध्ये मनीगॉल नावाच्या खेड्यातून अमेरिकेला गेले होते. तेवढ्या धाग्यावर मनीगॉलने एका कृष्णवर्णीय अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला गाववाला मानलं. 23 मे 2011ला ओबामा तिथे आले, गर्दीत मिसळले, गावच्या पबमध्ये गिनेस प्यायले. पुढे महामार्गावरच्या मोठ्या थांब्याला त्यांचं नाव दिलं गेलं. डिसेंबर 2019च्या अखेरीस वराडकर आईवडील, बहिणी आणि त्यांच्या मुलाबाळांसह पहिल्यांदाच वराडला आले. तीन पिढ्या एकत्र आजोबांच्या गावी आल्या, याचा त्यांना झालेला आनंद बोलण्यात दिसत होता. मनीगॉल आणि वराड ही दोन्ही गावं पोटासाठी माणसं बाहेर धाडणाऱ्या प्रदेशांतली. गेलेल्याचा पणतू मोठा होऊन दारात येतो तेव्हा त्याचा रंग, भाषा, धर्म कोणी विचारत नाही. गाव सोडून गेलेल्यांच्या वंशजांना इतक्या मोकळेपणाने आपलं म्हणणारा देश गावात नव्याने आलेल्यांना काय म्हणतो?

11 जून 2004

त्याचं उत्तर ज्या दिवशी मिळालं तो दिवस वराडकरांच्या आयुष्यातलाही मोठा आहे. 11 जून 2004ला आयर्लंडमध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका होत्या. पंचविशीतले लिओ वराडकर डब्लिनच्या वायव्येकडच्या फिंगल परगण्यातून उभे होते. पहिल्या पसंतीची मतं त्यांना मिळाली ती देशातल्या सर्व उमेदवारांपेक्षा जास्त. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर मतदारांच्या हातात आणखी एक मतपत्रिका होती, राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या दुरुस्तीची. तोवर आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेलं प्रत्येक मूल जन्माने नागरिक ठरत होतं. परदेशी बायका केवळ नागरिकत्वासाठी बाळंतपणाला डब्लिनला येतात, असा आरोप करत सरकारने तो हक्क काढण्याचा प्रस्ताव मांडला होता. वराडकरांच्या फिने गेलचाही त्याला पाठिंबा होता. 79 टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं. 1 जानेवारी 2005पासून आई-वडील दोघांपैकी कुणीच नागरिक नसेल तर त्यांचा तिथला कायदेशीर रहिवास मोजला जाऊ लागला.

अर्धभारतीय उमेदवाराला देशात सर्वाधिक मतं, आणि परदेशी पालकांच्या बाळाला दार बंद. मी हा विरोधाभास मानत नाही, कारण दोन्ही मतपत्रिकांवर एकच प्रश्न होता: आपला कोण? आयरिश आई, डब्लिनचे उच्चार, खासगी शाळा, ट्रिनिटीची पदवी, ओळखीचा दवाखाना एवढं जवळ असलेला तरुण निःसंशय आपला होता. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ते आपले आहेत की नाहीत, ते कागद पाहून ठरणार होतं. वराडकर स्वतः या रेषेच्या कोणत्या बाजूला उभे होते हेही लपवायला नको. 2008मध्ये, मंदीची चाहूल लागली असताना, विरोधी बाकावरून त्यांनी सुचवलं होतं की बेरोजगार परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता देऊन मायदेशी परतण्याचा पर्याय द्यावा. स्थलांतरिताच्या मुलाने असं बोलावं याचं अनेकांना दुःख झालं, मलाही होतं. पण त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवताना आपणही त्यांना रंगावरूनच जोखत असतो.

आयर्लंडने त्या काळात आणखी एक भारतीय नाव नीट उच्चारायला शिकून घेतलं, तेही इथे सांगायला हवं. बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार ऑक्टोबर 2012मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात वारल्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही त्यांना गर्भपात नाकारला गेला होता. पुढची काही वर्षं डब्लिनच्या रस्त्यांवर हजारो आयरिश बायका त्यांचा फोटो घेऊन चालल्या. 25 मे 2018ला, वराडकर तीशक असताना, गर्भपातबंदीचं कलम हटवण्याच्या बाजूने 66.4 टक्के लोकांनी मत दिलं. सविता तिथे जन्मल्या नव्हत्या, त्यांची आई आयरिश नव्हती. तरीही त्या देशाने त्यांना आपली मुलगी मानलं, फक्त त्या गेल्यानंतर.

पुढची वर्षं

डिसेंबर 2022मध्ये वराडकर दुसऱ्यांदा तीशक झाले. तोवर लंडनला ऋषी सुनक आले होते आणि काही महिन्यांत स्कॉटलंडला हमजा युसुफ आले. दक्षिण आशियाई मुळांचे तीन नेते शेजारीशेजारी होते आणि वंशाचा प्रश्न मिटल्याची भाषा पुन्हा ऐकू आली. 23 नोव्हेंबर 2023ला डब्लिनच्या पार्नेल चौकात मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर परदेशी असल्याची आवई उठली आणि रात्री शहराच्या मध्यभागी बस, ट्रॅम, पोलिसांच्या गाड्या जळल्या. दंगेखोरांनी डब्लिनला आणि आयर्लंडला लाज आणली, असं वराडकर दुसऱ्या दिवशी म्हणाले. 20 मार्च 2024ला त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, कारणं वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही आहेत एवढंच सांगून.

2022च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारतीय नागरिकांची संख्या 45 हजारांवर गेलेली आहे. यात परिचारिका आहेत, संगणक अभियंते आहेत, विद्यार्थी आहेत, आणि त्यांतली मराठी कुटुंबं गणपतीही बसवतात. त्यातल्या बहुतेकांना डंगार्वनची आजी नाही. जुलै 2025मध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीय माणसाला जमावाने मारहाण केली. त्यानंतर आणखी हल्ल्यांच्या बातम्या येत गेल्या. 1 ऑगस्टला डब्लिनमधल्या भारतीय दूतावासाने नागरिकांसाठी सूचना काढली: निर्जन भागात जाणं टाळा, विशेषतः अवेळी. त्या ऑगस्टमध्ये फिनिक्स पार्कमध्ये ठरलेला इंडिया डेचा सोहळा आयोजकांनी पुढे ढकलला. फिनिक्स पार्कच्या पश्चिमेच्या कुंपणापासून वराडकरांचा जुना डब्लिन वेस्ट मतदारसंघ फार लांब नाही.